पदवीच्या उंबरठ्यावर विषयबदल : द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव

अभियांत्रिकीच्या सहाव्या सत्राचा निकाल लागलेला असतो. आता एकच वर्ष उरले, या समाधानात घर असते. अशा वेळी मुलगा किंवा मुलगी शांतपणे सांगते, "मला यात पुढे जायचे नाही. मला विषय बदलायचा आहे." व्यापारी कुटुंबात हे वाक्य विशेष जड जाते. मुलाच्या पदवीच्या भरवशावर कारखान्यात नवे यंत्र घेण्याचे बेत झालेले असतात, मुलीच्या परिचयपत्रकात 'अंतिम वर्ष' असे छापूनही झालेले असते. त्यामुळे उत्तर येते ते बहुधा दोनपैकी एक. "तीन वर्षे झोपला होतास का?" हे एक, आणि "तुझे आयुष्य आहे, तूच ठरव" हे दुसरे. पहिल्या उत्तराने मूल गप्प होते, दुसऱ्याने एकटे पडते. प्रश्न मात्र दोन्ही वेळा तसाच राहतो.

पहिल्या वर्षी विषय बदलणे आणि पदवीच्या उत्तरार्धात बदलणे या मुळातच वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक संस्थांत पहिल्या वर्षाच्या गुणांवर शाखा बदलण्याची सोय असते. ती वेळ उलटली की ते दार सहसा बंद होते. तिसऱ्या वर्षी 'विषय बदलणे' म्हणजे व्यवहारात जुना प्रवेश सोडून दुसरीकडे पहिल्या वर्षापासून प्रारंभ करणे होय. म्हणूनच हा निर्णय आवेगात घेता येत नाही आणि दटावून मिटवताही येत नाही.

कोणत्याही आचरणाचा विचार करताना द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव या चार अपेक्षांनी पाहावे, ही आपल्या परंपरेची शिकवण आहे. व्रत-नियमांच्या पालनातही आपले गुरुभगवंत ही दृष्टी ठेवतात. तीच चौकट या प्रश्नाला लावली तर घरातला गोंधळ बराच निवळतो.

द्रव्य : गेलेला खर्च आणि पुढचा खर्च

घरात पहिला उल्लेख होतो तो झालेल्या खर्चाचा. "एवढे पैसे घातले, आता सोडायचे?" हा प्रश्न स्वाभाविक असला, तरी व्यापाऱ्याने तो विचारावा हे नवल आहे. आपणच मार्चअखेर शिल्लक मालाचे मूल्य ठरवताना खरेदीची किंमत आणि बाजारात मिळू शकणारी किंमत यांपैकी जी कमी असेल ती धरतो. माल कितीला घेतला हे वहीत कायम राहते. परंतु तो ठेवावा की काढावा, हे आजच्या भावावर आणि उद्याच्या मागणीवर ठरते. चढ्या भावात घेतला म्हणून माल गोदामात कुजवत ठेवणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. शिक्षणाच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो, आणि पुष्कळदा त्यामागे पैशापेक्षा मान कषाय अधिक असतो. नातेवाईकांना काय सांगायचे, हा खर्च वहीत कुठेच नोंदलेला नसतो, पण निर्णयावर सर्वांत मोठा भार त्याचाच पडतो.

मग हिशेब कशाचा करावा? इथून पुढचा. उदाहरणादाखल, शुल्क आणि राहण्याचा खर्च मिळून वर्षाला अडीच लाख रुपये लागतात असे समजू. तीन वर्षांचे साडेसात लाख दोन्ही पर्यायांत गेलेलेच आहेत. ते दोन्ही बाजूंनी खोडावेत. उरलेले वर्ष पूर्ण केल्यास आणखी अडीच लाख रुपये आणि एक वर्ष जाईल, पण हाती पदवी असेल. सोडून तीन वर्षांचा नवा अभ्यासक्रम घेतला आणि त्याचा खर्च वर्षाला एक लाख धरला, तर तीन लाख रुपये आणि तीन वर्षे लागतील. पैशाचा फरक अल्प आहे. खरा फरक दोन वर्षांचा आहे. तुलना त्या दोन वर्षांची करायची असते.

या हिशेबात एक गोष्ट लपून राहता कामा नये. किती विषयांत 'एटीकेटी' आहे? कागदावर एक वर्ष उरले असले, तरी सहा-सात विषय मागे राहिले असतील तर प्रत्यक्षात दोन किंवा तीन वर्षे उरलेली असतात. अशा वेळी 'एकच तर वर्ष आहे' हे गृहीतक कोसळते आणि सारे गणित बदलते. मुलांनी हा आकडा घरी खरा सांगावा. तो लपवणे म्हणजे माया कषाय, आणि त्याचे व्याज फार चढते. पालकांनीही तो ऐकून घेता येईल असे वातावरण ठेवावे. मारल्यासारख्या शब्दांची भीती असली की खरा आकडा बाहेर येत नाही.

शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेत आधी विचारून घ्यावे. परतफेड साधारणपणे अभ्यासक्रमाच्या मुदतीनंतर एक वर्षाने सुरू होते. अभ्यासक्रम मध्येच सोडल्यास ही मुदत कशी मोजली जाईल, हे लेखी समजून घ्यावे. समाजाच्या एखाद्या ट्रस्टची शिष्यवृत्ती वा कर्ज-शिष्यवृत्ती असेल तर त्या ट्रस्टच्या विश्वस्तांनाही वेळीच कळवावे. ज्यांनी विश्वासाने साहाय्य केले त्यांना निर्णय बाहेरून कळू नये.

क्षेत्र : उघडी दारे आणि बंद दारे

पदवीचा विषय आणि आयुष्याचे कार्यक्षेत्र एकच असावे लागते, ही समजूत आपण फार घट्ट धरून बसतो. अहमदाबादच्या प्रसिद्ध जैन गिरणीमालक घराण्यात १९१९ मध्ये जन्मलेले डॉ. विक्रम साराभाई विज्ञानाचे विद्यार्थी. वैश्विक किरणांवरील संशोधनासाठी १९४७ मध्ये त्यांना केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षी अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली आणि वस्त्रोद्योगाच्या संशोधनासाठी 'अटिरा' ही संस्थाही. पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची व्यवस्थापन संस्था, आयआयएम, स्थापन होण्यात त्यांचा मोठा वाटा होता. अवकाश, कापड आणि व्यवस्थापन ही तीन क्षेत्रे एका पदवीत मावत नाहीत.

म्हणून मुलाला विचारावे : तुला ही पदवी नको आहे, की या पदवीनंतरचे काम नको आहे? दुसरे उत्तर आले तर बहुतेक वेळा पदवी सोडण्याची आवश्यकताच नसते. कारण अनेक क्षेत्रांची दारे कोणत्याही पदवीधराला खुली आहेत.

व्यवस्थापनाच्या एमबीए अभ्यासक्रमासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम पदवीनंतरच करायचा असतो. बी.एड. हाही पदवीनंतरचाच मार्ग आहे. केंद्रीय नागरी सेवा परीक्षेला आणि राज्यसेवा परीक्षेला पदवीच्या विषयाची अट नसते. काही विशिष्ट पदे तेवढी त्याला अपवाद आहेत. रचनाशास्त्राची, म्हणजे डिझाईनची, ओढ असलेल्या अभियंत्याला मुंबई आयआयटीमार्फत घेतल्या जाणाऱ्या 'सीड' परीक्षेतून पदव्युत्तर अभ्यासक्रमाकडे जाता येते.

आपल्या समाजात सर्वाधिक ओढ असते ती चार्टर्ड अकाउंटन्सीची, म्हणून तिचा मार्ग स्वतंत्रपणे पाहू. बारावी कोणत्याही शाखेतून उत्तीर्ण झालेला विद्यार्थी फाउंडेशन परीक्षेला बसू शकतो; म्हणजे अभियांत्रिकी करणाऱ्यालाही ते दार बंद नाही. पदवी पूर्ण झाल्यावर फाउंडेशन न देता थेट इंटरमीडिएटला नोंदणी करता येते. त्यासाठी वाणिज्य पदवीधरांना किमान ५५ टक्के आणि इतर शाखांच्या पदवीधरांना किमान ६० टक्के गुण लागतात. पदवीच्या अंतिम वर्षात असतानाही तात्पुरती नोंदणी होऊ शकते. २०२३ पासूनच्या नव्या योजनेत आर्टिकलशिपचा काळ तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला आहे. म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या अभियंत्याला सी.ए. व्हायचे असेल, तर अभियांत्रिकी सोडून बी.कॉम.च्या पहिल्या वर्षात बसणे हा सर्वांत लांबचा रस्ता ठरतो. उरलेले वर्ष ६० टक्क्यांच्या वर राहून पूर्ण करणे हा जवळचा.

काही दारे मात्र अशी उघडत नाहीत. वैद्यकशास्त्र, वास्तुकला आणि औषधनिर्माण या व्यवसायांत नोंदणीसाठी त्याच विषयाची मूळ पदवी वा पदविका लागते. अभियांत्रिकीनंतर कोणताही पदव्युत्तर अभ्यासक्रम करून डॉक्टर किंवा वास्तुविशारद होता येत नाही. ओढ अशा क्षेत्राची असेल आणि ती खरी असेल, तर 'आधी हे पूर्ण कर, मग बघू' हा सल्ला वर्ष वाचवत नाही, वर्ष घालवतो.

नव्या शैक्षणिक धोरणाविषयीही थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. २०२० च्या धोरणानुसार एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका आणि तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडण्याची व पुन्हा येण्याची कल्पना मांडली गेली. मिळवलेले श्रेयांक साठवण्यासाठी २०२१ मध्ये 'अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' ही व्यवस्था आली. तिथले श्रेयांक कमाल सात वर्षे ग्राह्य राहतात. यावरून अनेकांचा समज होतो की एका विषयाचे श्रेयांक दुसऱ्या विषयात जसेच्या तसे चालतील. तसे नाही. भाषा, पर्यावरण किंवा इतर सामायिक विषयांचे श्रेयांक उपयोगी पडू शकतात. नव्या मुख्य विषयाचे श्रेयांक मात्र नव्यानेच मिळवावे लागतात, आणि काय ग्राह्य धरायचे हे प्रवेश देणारे विद्यापीठ ठरवते. बँकेत रुपये असले तरी परदेशच्या दुकानात ते थेट चालत नाहीत, तसेच हे.

त्याऐवजी अधिक उपयोगाची ठरू शकेल अशी आणखी एक तरतूद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्यास मुभा दिली. एक प्रत्यक्ष वर्गात आणि दुसरा दूरस्थ वा ऑनलाइन, असे करता येते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांतून मानसशास्त्र, वाणिज्य, भाषा असे विषय सुरू ठेवून चालू पदवी पूर्ण करण्याचा विचार अवश्य करावा. आपल्या महाविद्यालयाचे नियम आधी पाहावेत, एवढेच.

काल : किती सत्रे झाली, किती उरली

दोन सत्रे झाली असतील तर बदल सोपा असतो, आणि तो करायचाच असेल तर लवकर करावा. चार सत्रे झाली असतील तर काटा मध्यावर असतो. अशा वेळी नव्या क्षेत्राचे दार पदवीनंतर उघडते की नाही, यावर निर्णय अवलंबून राहावा. सहा सत्रे झाली असतील आणि विषय फारसे मागे नसतील, तर पदवी पूर्ण करणे हाच सामान्य नियम धरावा.

या नियमाला तीन अपवाद आहेत. नवे क्षेत्र मूळ पदवीशिवाय उघडत नसेल, हा पहिला. मागे राहिलेले विषय इतके असतील की जुनी पदवी आणि नवी पदवी यांना लागणारा काळ जवळजवळ सारखाच होतो, हा दुसरा. आणि मुलाचे वा मुलीचे आरोग्य ढासळत असेल, हा तिसरा. तो सर्वांत महत्त्वाचा. झोप उडाली आहे, जेवण सुटले आहे, मूल कोणाशी बोलत नाही, जगण्याविषयी निराशेचे बोलते, अशी लक्षणे दिसली तर विषयबदलाची चर्चा बाजूला ठेवून प्रथम मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. शासनाची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. पदवी पुढच्या वर्षीही मिळते. जीवदया हा आपला पहिला धर्म. त्याची सुरुवात आपल्या घरातील जिवापासून व्हावी.

भाव : कंटाळा की कल?

चारही अपेक्षांत सर्वांत अवघड ती भावाची, कारण तिचा हिशेब दुसरा कोणी करू शकत नाही. विषयाचा कंटाळा आणि परिस्थितीचा कंटाळा यांची सरमिसळ फार होते. वसतिगृहातील एकटेपण, एखाद्या प्राध्यापकांचा जाच, सूर्यास्तापूर्वी जेवण न मिळाल्याने होणारी ओढाताण, सोबत्यांशी तुलना, यांतले काही खुपत असेल तर विषय बदलून ते जाणार नाही. नव्या महाविद्यालयातही ते भेटेल. म्हणून विद्यार्थ्याने स्वतःला एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा : "याच विषयात मला उत्तम गुण मिळत असते, तरीही मी हेच म्हटले असते का?" उत्तर 'हो' असेल तर ते कलाचे लक्षण आहे. 'नाही' असेल तर अपयशाचा थकवा असण्याची शक्यता अधिक.

दुसरी कसोटी कृतीची आहे. नव्या विषयाच्या पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम सर्वांनाच आकर्षक वाटतो. त्याच्या शेवटच्या वर्षाच्या प्रश्नपत्रिका आणून वाचाव्यात. केंद्र शासनाच्या 'स्वयम' या संकेतस्थळावरील त्या विषयाचा एक अभ्यासक्रम पूर्ण करावा आणि परीक्षाही द्यावी. सुट्टीत त्या क्षेत्रातील एखाद्या कार्यालयात महिना-दीड महिना काम करावे आणि त्यातला रुक्ष भागही पाहावा. लेखापरीक्षकाकडे महिनाभर पावत्या जुळवूनही जो उत्साहाने घरी येतो, त्याचा वाणिज्याकडील कल खरा मानायला हरकत नाही.

सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांचे चरित्र येथे आठवावे. १८८२ मध्ये सोलापूरच्या दिगंबर जैन घरात त्यांचा जन्म झाला. घरी सावकारी आणि कापसाचा व्यापार होता. त्यात मन रमेना, तेव्हा त्यांनी रेल्वे बांधकामाच्या ठेक्यांची वाट धरली. पण त्या वाटेवर ते एकटे गेले नाहीत. रेल्वेत कारकुनी केलेल्या फाटक यांना त्यांनी भागीदार म्हणून सोबत घेतले. पुढे बोर घाटातील बोगदे झाले, १९१९ मध्ये सिंधिया जहाज कंपनी झाली, विमाने आणि मोटारी यांचे कारखाने झाले. घरचा धंदा सोडला म्हणून वालचंद मोठे झाले, असा सोपा निष्कर्ष तरुणांनी काढू नये. आपण कुठे चाललो आहोत हे त्यांना ठाऊक होते, आणि तिथली वाट माहीत असलेला माणूस त्यांनी आधी शोधला होता. 'हे नको' एवढेच म्हणणाऱ्याने अजून निम्माच विचार केलेला असतो.

कुटुंबाची बैठक

अनेकांतवादाची व्याख्याने आपण चातुर्मासात भक्तिभावाने ऐकतो. त्याचा प्रयोग करण्याची खरी जागा म्हणजे अशी घरगुती बैठक. प्रत्येक नय वस्तूचा एक अंश पाहतो. वडिलांना पेढीचे भवितव्य दिसते, आईला मुलाचा उतरलेला चेहरा दिसतो, आजोबांना घराण्याचे नाव दिसते, मुलाला पुढची चाळीस वर्षे दिसतात. यांतले एकही खोटे नाही आणि एकही पूर्ण नाही.

बैठक जेवणाच्या ताटावर होऊ नये, पाहुण्यांसमोर तर मुळीच नाही. एक साधा नियम पाळावा : वडिलांचे म्हणणे मुलाने आपल्या शब्दांत सांगावे आणि मुलाचे म्हणणे वडिलांनी. "हो, मला हेच म्हणायचे होते" असे दोघेही म्हणेपर्यंत निर्णयाकडे वळू नये. मुलींच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी. "आता लग्नाचे बघायचे आहे, पदवी तेवढी होऊ दे" या वाक्यात तिच्या विषयाचा, तिच्या कामाचा विचारच नसतो. मुलासाठी जो हिशेब मांडला, तोच आणि तेवढ्याच गंभीरपणे मुलीसाठीही मांडावा.

पेढीचा प्रश्नही मोकळेपणाने बोलावा. मुलाने धंद्यात यावे अशी इच्छा असेल तर ती पदवीच्या विषयाआड लपवू नये. पुष्कळदा मुलाला धंदा नको असतो असे नाही. त्याला यंत्रांपेक्षा विक्री, हिशेब किंवा जाहिरात यांची बाजू आवडत असते. ते कळले, तर जो वाद वाटत होता तो वाटणीचा साधा प्रश्न ठरतो.

निर्णयानंतरची कागदपत्रे

बदल करण्याचे ठरले तर नवा प्रवेश निश्चित होईपर्यंत जुना रद्द करू नये. सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र आणि मध्ये वर्ष गेले असल्यास खंडाचे प्रतिज्ञापत्र, हे सारे वेळेत जमवावे. वर्ष सुरू होऊन बराच काळ लोटल्यावर शुल्क परत मिळण्याची आशा धरू नये. प्रवेश परीक्षांच्या तारखा बैठकीपूर्वीच पाहून ठेवाव्यात; अन्यथा निर्णय योग्य होतो आणि मुदत टळते.

पूर्ण करण्याचे ठरले तरी काम संपत नाही. उरलेले वर्ष 'शिक्षा' म्हणून काढले तर ६० टक्केही हुकतात आणि पुढचे दारही. म्हणून त्याच बैठकीत दोन गोष्टी कागदावर लिहाव्यात : या वर्षी किती गुण मिळवायचे, आणि नव्या क्षेत्राच्या तयारीसाठी आठवड्यातील किती तास द्यायचे. त्याखाली तारीख घालून मुलाने आणि वडिलांनी, दोघांनीही सही करावी. दिवाळीला वहीपूजन झाले की तो कागद पुन्हा काढावा आणि एकत्र बसून वाचावा. मुलाने अभ्यास केला का, हे त्यात दिसेल. आणि वडिलांनी दिलेला शब्द पाळला का, हेही.